ताकद चारही चाकांना की फक्त मागच्या दोन चाकांना?

स्पोर्ट्‌स कार घेताना ऑल-व्हील ड्राइव्ह निवडावी की रिअर-व्हील ड्राइव्ह, या विषयावर गेल्या काही आठवड्यांत वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय पंचावन्न आहे आणि अनेक वर्षांच्या बचतीतून एक स्पोर्ट्‌स कार घ्यायचे ठरवले आहे. बीएमडब्ल्यूची मागच्या चाकांवर चालणारी एम-टू, तीही हाताने गिअर बदलण्याची, मला मनापासून आवडली आहे. मात्र घरच्यांचे आणि मित्रांचे म्हणणे असे की, आपल्याकडचा पाऊस आणि घाट पाहता चारही चाकांना ताकद देणारी एम-फोर कॉम्पिटिशन एक्सड्राइव्ह घेणेच सुरक्षित. गाडी प्रामुख्याने रविवारी सकाळी लोणावळा, ताम्हिणी, महाबळेश्वर या बाजूला नेली जाईल. पत्नीही अधूनमधून चालवील. आपण काय सुचवाल?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या निर्णयाचा सारा भार सुरक्षिततेच्या मुद्द्यावर आहे, म्हणून प्रथम तोच घेतो. इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळाली की गाडीची वेग वाढवण्याची क्षमता वाढते; वेग कमी करण्याची किंवा वळण घेण्याची क्षमता त्यामुळे वाढत नाही. ब्रेक दोन्ही गाड्यांत चारही चाकांना असतात आणि वळताना गाडीला रस्त्यावर धरून ठेवण्याचे काम चारही टायरच करतात, मग इंजिन कोणत्याही चाकांना जोडलेले असो. आपण निवडलेल्या दोन्ही गाड्यांत तर पुढचे टायर २७५ मिलिमीटर आणि मागचे २८५ मिलिमीटर रुंदीचे, म्हणजे एकाच मापाचे आहेत.

हे आकड्यांत पाहिले तर अधिक स्पष्ट होईल. कोरड्या रस्त्यावर टायर गाडीच्या वजनाइतका जोर पेलू शकतो आणि ओल्या रस्त्यावर त्याच्या निम्मा, असे ढोबळ मानाने धरू. गाडीचे वजन पुढे-मागे समान वाटलेले असेल आणि वेग घेताना त्यातले थोडे मागे सरकते हे धरले, तर ओल्या रस्त्यावर रिअर-व्हील ड्राइव्ह गाडी गुरुत्वत्वरणाच्या साधारण ०.२७ पट दराने वेग घेऊ शकेल आणि ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी ०.५ पट दराने, म्हणजे जवळजवळ दुप्पट. हा फरक खरा आहे आणि सिग्नलवरून निघताना तो पाठीला जाणवतो. आता त्याच ओल्या रस्त्यावर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना करकचून ब्रेक लावला, तर दोन्ही गाड्या थांबायला सुमारे ७९ मीटर घेतील. कोरड्या रस्त्यावर हेच अंतर सुमारे ३९ मीटर असते. चाळीस मीटर त्रिज्येचे, घाटात सहज भेटणारे वळण कोरड्या रस्त्यावर फार तर ताशी ७१ किलोमीटरने घेता येईल आणि ओल्या रस्त्यावर फार तर ५० ने. ही मर्यादाही दोन्ही गाड्यांना सारखीच लागू आहे.

यातून निघणारी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मागच्या चाकांवर चालणारी ताकदवान गाडी ओल्या रस्त्यावर वेग घेताना लवकर सूचना देते: मागची चाके किंचित फिरतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा, म्हणजे चाके जागच्या जागी फिरू लागल्यास ताकद आवरणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लुकलुकतो आणि रस्ता निसरडा आहे हे चालकाला ताशी तीस-चाळीसच्या वेगातच कळते. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी तोच रस्ता काहीही न सांगता ओलांडते. वेग वाढत जातो आणि रस्त्याची खरी अवस्था पहिल्यांदा कळते ती पुढच्या वळणाआधी ब्रेक दाबल्यावर, जेव्हा हाताशी अंतर उरलेले नसते. म्हणून पावसाळ्यासाठी ऑल-व्हील ड्राइव्ह घ्या हा सल्ला मी सरसकट देत नाही. ज्या चालकाला ही मर्यादा पूर्ण ठाऊक आहे त्याला ऑल-व्हील ड्राइव्हचा उपयोग होतो. ज्याला ती ठाऊक नाही त्याला अशी गाडी अधिक वेगाने संकटापर्यंत नेते.

पकड सुटल्यावर दोन्ही गाड्यांचे वागणे वेगळे असते, हेही समजून घ्यावे. वळणातून बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर जास्त दाबला गेला, तर रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीची शेपूट बाहेर सरकते, ज्याला ओव्हरस्टिअर म्हणतात. ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी बहुधा पुढच्या बाजूने वळणाबाहेर ओढली जाते, म्हणजे अंडरस्टिअर करते. पहिल्या प्रकारात स्टिअरिंग उलट दिशेला फिरवण्याचे कौशल्य लागते, तर दुसऱ्यात अ‍ॅक्सिलरेटर हलका करून धीर धरावा लागतो, आणि सामान्य चालकाला दुसरे अधिक सहज जमते. ऑल-व्हील ड्राइव्हच्या बाजूचा हा खरा मुद्दा आहे. मात्र १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेन्झ यांनी स्थिरता नियंत्रण प्रणाली बाजारात आणली, तेव्हापासून त्याचे वजन बरेच कमी झाले आहे. एकेका चाकाला स्वतंत्रपणे ब्रेक लावून गाडी सरळ करणारी ती यंत्रणा आपल्या दोन्ही गाड्यांत आहे, आणि सार्वजनिक रस्त्यावर ती कधीही बंद करू नये.

आता गाड्यांकडे येतो. सुधारित एम-टूची ताकद ४८० अश्वशक्ती आणि वजन सुमारे १,७०० किलो. एम-फोर एक्सड्राइव्हची ताकद ५०० अश्वशक्तीच्या वर, टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, ६५० न्यूटन-मीटर आणि वजन सुमारे १,७७५ किलो. स्थिर अवस्थेतून ताशी १०० किलोमीटर गाठायला एम-फोर साडेतीन सेकंद घेते, तर हाताने गिअर बदलण्याच्या एम-टूला चार सेकंदांहून थोडे अधिक लागतात. रविवारच्या सकाळी ताम्हिणीच्या रस्त्यावर हा अर्ध्या-पाऊण सेकंदाचा फरक वापरायला जागाच नाही. उलट, एम-टूच्या पुढच्या चाकांवर फक्त वळण्याचे काम असल्याने स्टिअरिंगमधून रस्ता जसा हाताला कळतो, आणि गिअर स्वतः निवडण्यात जो आनंद आहे, तो ताशी साठच्या वेगातही पुरेपूर मिळतो. आपल्या वापरासाठी मी एम-टूच सुचवीन.

हा सल्ला मी दोन परिस्थितींत बदलला असता. गाडी रोज, जून ते सप्टेंबरच्या धो धो पावसातही कार्यालयात नेण्यासाठी वापरायची असती, तर साडेसहाशे न्यूटन-मीटरचा टॉर्क चार चाकांत वाटलेलाच बरा. आणि आपल्याइतकीच गाडी आपल्या पत्नीही चालवणार असतील व त्यांना मागच्या चाकांवर चालणाऱ्या ताकदवान गाडीची सवय नसेल, तर घरातल्या सर्वांना सहज झेपेल अशी गाडी निवडणे शहाणपणाचे ठरले असते. एम-फोरमध्ये पुढच्या चाकांची ताकद पूर्ण तोडून ती मागच्या चाकांवर चालवण्याची सोय आहे, पण त्यासाठी स्थिरता नियंत्रण बंद करावे लागते. त्यामुळे ती सोय फक्त बंदिस्त ट्रॅकवर वापरण्याजोगी आहे.

किमतीत जो मोठा फरक वाचेल त्यातला थोडा भाग टायरवर खर्च करावा, हे आग्रहाने सांगतो. कायद्याने खाचांची खोली १.६ मिलिमीटर होईपर्यंत टायर चालतो, परंतु इतके रुंद टायर साचलेल्या पाण्यावर लवकर तरंगू लागतात आणि तरंगणाऱ्या टायरला कोणत्याही प्रकारच्या ड्राइव्हचा उपयोग नसतो. पावसाळा लागताना खाचांची खोली तीन-चार मिलिमीटरच्या खाली गेली असेल, तर टायर बदलून टाकावेत. पहिल्या सरींनंतरचा तेल-धुळीचा थर, कोकणच्या उतारावर वाहून आलेली तांबडी माती आणि रस्त्यावरचे जाड पांढरे पट्टे या तीन ठिकाणी ओल्या रस्त्याहूनही पकड कमी असते, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर प्रशिक्षकासह एखादा दिवस घालवावा. गाडीची शेपूट सरकणे म्हणजे काय, हे तिथे कळलेले केव्हाही चांगले. मात्र नेहमीच्या वाहन विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, तेव्हा जाण्याआधी विम्याची कागदपत्रे नीट वाचावीत.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला असतो. पोर्शे ९११ ची २०१९ नंतरच्या पिढीतील वापरलेली गाडी घेण्याचा विचार आहे. कॅरेरा एस आणि कॅरेरा फोर-एस या दोन्ही परवडतील अशा किमतीत मिळत आहेत. माझ्याकडे दुसरी गाडी नसेल, आणि हिवाळ्यात आम्ही तीन-चार वेळा ऑस्ट्रियाच्या डोंगरात स्कीइंगला जातो. फोर-एस घेतल्यास ९११ ची खरी मजा जाते, असे इथले सहकारी सांगतात.
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : ९११ या वादात एक वेगळाच नमुना आहे, कारण तिचे इंजिन मागच्या आसाच्याही मागे असते. गाडीचे साठ टक्क्यांहून अधिक वजन मागच्या, म्हणजे ताकद मिळणाऱ्या चाकांवर पडत असल्याने मागच्या दोन चाकांनाच मुळात भरपूर पकड मिळते. त्याचा परिणाम कंपनीच्या आकड्यांत दिसतो: स्वयंचलित गिअरच्या कॅरेरा एसला ताशी १०० किलोमीटर गाठायला ३.७ सेकंद लागतात आणि फोर-एसला ३.६, कमाल वेग अनुक्रमे ३०८ आणि ३०६, वजनातला फरक ५० किलोचा. पुढे इंजिन असलेल्या बीएमडब्ल्यू एम-फोरमध्ये दोन्ही प्रकारांत ०.४ सेकंदांचा फरक पडतो, तर ९११ मध्ये तो ०.१ वर येतो. कोरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांना फारसे काम उरतच नाही.

आपल्या सहकाऱ्यांचे मत जुन्या गाड्यांवरून बनलेले असावे. १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या कॅरेरा फोरमध्ये पुढच्या चाकांना ३१ टक्के आणि मागच्यांना ६९ टक्के असे वाटप यंत्रातच ठरलेले होते, आणि ती गाडी वळणात पुढून जड वाटे. आपण पाहत असलेल्या पिढीत इलेक्ट्रॉनिक क्लच गरजेप्रमाणे पुढच्या चाकांना ताकद देतो. एरवी गाडी प्रामुख्याने मागच्या चाकांवरच चालते. या पिढीत दोन्ही प्रकारांचे शरीरही सारख्याच रुंदीचे आहे. त्यामुळे मजा जाते हे म्हणणे आता फार तर ट्रॅकवर वेळ मोजणाऱ्यांसाठी उरले आहे.

बर्फावर मात्र चित्र बदलते. बर्फावरची पकड कोरड्या रस्त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकी धरली, तर कॅरेरा एस साधारण साडेबारा टक्के चढापर्यंत चढेल आणि त्यापुढे चाके जागच्या जागी फिरू लागतील. चारही चाकांचा पूर्ण वापर झाल्यास ही मर्यादा तत्त्वतः वीस टक्क्यांपर्यंत जाते. फोर-एसमध्ये पुढच्या चाकांना मिळणारी ताकद मर्यादित असल्याने प्रत्यक्षात ती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी राहील. आल्प्समधल्या हॉटेलांपर्यंत जाणाऱ्या शेवटच्या एक-दोन किलोमीटरमध्ये हाच फरक निर्णायक ठरतो. उतरताना मात्र दोन्ही गाड्या सारख्याच घसरतात, हे पुण्याच्या वाचकांना सांगितले तेच इथेही खरे आहे.

आपली ही एकच गाडी असेल आणि हिवाळ्यात डोंगरात जाणे नक्की असेल, तर मी फोर-एस सुचवतो, पण हिवाळी टायरच्या स्वतंत्र संचासह. हिमाच्छादित रस्त्यावर जर्मनीत आता पर्वत आणि हिमकणाचे चिन्ह असलेलेच टायर चालतात, तर ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळात तशा परिस्थितीत हिवाळी टायरला किमान चार मिलिमीटर खोली असणे बंधनकारक आहे. उन्हाळी टायरवरची फोर-एस आणि हिवाळी टायरवरची साधी कॅरेरा एस यांत बर्फावर निवड करायची झाली, तर मी क्षणाचाही विचार न करता दुसरी निवडीन.

प्रश्न : ऑल-व्हील ड्राइव्हने पकड वाढत असेल, तर फॉर्म्युला वनसारख्या शर्यतींत सगळ्या गाड्या मागच्याच चाकांवर का चालतात?
— अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : याचे उत्तर काही अंशी यंत्रशास्त्रात आणि काही अंशी नियमपुस्तकात आहे, आणि दोन्हींची सरमिसळ होते म्हणूनच हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो.

फॉर्म्युला वनमध्ये हा प्रयोग झालेला आहे. १९६१ मध्ये इंग्लंडच्या ओल्टन पार्कवर, ओल्या ट्रॅकवर, स्टर्लिंग मॉस यांनी चारही चाकांना ताकद देणाऱ्या फर्ग्युसन पी-९९ मधून गोल्ड कप जिंकला. ती शर्यत विश्वविजेतेपदाच्या गणनेत नव्हती, पण ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीने जिंकलेली फॉर्म्युला वनची ती एकमेव शर्यत. पुढे १९६९ मध्ये लोटस, मॅक्लारेन आणि मात्रा या तिघांनी अशा गाड्या उतरवल्या. मात्राच्या गाडीने कॅनडातील शर्यतीत सहावा क्रमांक मिळवून एक गुण घेतला, आणि विश्वविजेतेपदात या प्रकारच्या गाड्यांची कमाई तेवढीच राहिली. कारणे दोन होती. पुढच्या चाकांपर्यंत ताकद नेणारे अतिरिक्त शाफ्ट आणि डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) यांचे वजन आणि त्यातून येणारा अंडरस्टिअर चालकांना जाचक झाला. त्याच सुमारास पंख आणि रुंद टायर आले, आणि गाडीला खाली दाबणाऱ्या हवेने मागच्या चाकांना हवी तेवढी पकड जवळजवळ वजनाशिवाय मिळवून दिली. नंतर नियमांनीच ऑल-व्हील ड्राइव्हला बंदी घातली.

माती, खडी आणि बर्फावर गोष्ट अगदी उलटी घडली. आउडीने १९८० मध्ये जिनिव्हा प्रदर्शनात क्वाट्रो मांडली आणि १९८१ पासून ती जागतिक रॅलीत धावू लागली. त्याच वर्षी इटलीतील सान रेमो रॅली मिशेल मुताँ यांनी क्वाट्रोमधून जिंकली. जागतिक रॅली जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला. १९८२ चे निर्मात्यांचे विजेतेपद आउडीकडे गेले. पण १९८३ मध्ये लान्चियाच्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या ०३७ ने ते हिसकावून घेतले. हलक्या गाडीने डांबरी टप्पे जिंकले, आणि एरवी बर्फाळ असणारी मॉन्टे कार्लो रॅली त्या वर्षी बरीच कोरडी होती, हे तुमच्यासारख्या विद्यार्थ्याने आवर्जून अभ्यासण्यासारखे आहे. मागच्या चाकांवरच्या गाडीने ते विजेतेपद मिळवण्याची ती शेवटची वेळ ठरली.

डांबरी ट्रॅकवरही पुढे ऑल-व्हील ड्राइव्हने आपली ताकद दाखवली. निस्सान स्कायलाइन जीटी-आरने ऑस्ट्रेलियातील बॅथर्स्टची शर्यत १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ जिंकली, तर १९९६ मध्ये आउडी ए-फोर क्वाट्रोने ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धा जिंकली. ऑस्ट्रेलियात १९९३ पासून गाड्यांचे नियमच बदलले. ब्रिटनमध्ये आधी क्वाट्रोवर जादा वजन लादले गेले आणि १९९८ पासून ऑल-व्हील ड्राइव्ह बंद झाली. ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत २०२३ मध्ये विजयी झालेल्या फेरारी ४९९-पीच्या पुढच्या चाकांना विजेची मोटर आहे, परंतु ताशी १९० किलोमीटरच्या खाली ती वापरायला मुभा नव्हती, कारण हळू वळणांतून बाहेर पडताना तिचा फायदा इतरांना भरून काढता आला नसता. नियम करणाऱ्यांनी नेमका तोच भाग का अडवला, यावरून ऑल-व्हील ड्राइव्हचा लाभ कुठे आहे ते तुम्हाला ताडता येईल.

प्रश्न : माझ्या वापरलेल्या ऑल-व्हील ड्राइव्ह स्पोर्ट्‌स कारचा एक टायर खड्ड्यात बाजूने फाटला. दुकानदार चारही टायर बदला म्हणतो. हा विक्रीचा डाव आहे की त्यात तथ्य आहे?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : तथ्य आहे. नव्या टायरची खाच आठ मिलिमीटर आणि आपल्या जुन्या टायरची चार मिलिमीटर असेल, तर त्रिज्येत चार मिलिमीटरचा फरक पडतो. सुमारे ३४० मिलिमीटर त्रिज्येच्या चाकासाठी याचा अर्थ असा की, झिजलेले चाक दर किलोमीटरला पाच-सहा फेऱ्या जास्त मारते. पुढच्या आणि मागच्या आसांना जोडणारा क्लच हा फरक घसरून पचवतो, सतत तापतो आणि त्याची दुरुस्ती चार टायरांपेक्षा कितीतरी महाग पडते.

तरीही चारही टायर बदलण्याआधी उरलेल्या तीन टायरची खोली मोजून घ्यावी आणि गाडीच्या पुस्तिकेत किती फरक चालतो ते पाहावे. जुने टायर फारसे झिजले नसतील, तर त्याच कंपनीचे, त्याच नमुन्याचे दोन टायर एकाच आसावर बसवून भागू शकते. एकच नवा टायर मात्र बसवू नये. ते ठरेपर्यंत सुटे चाक लावून लांबचा प्रवास टाळावा, आणि गाडी उचलून न्यायची वेळ आली, तर चारही चाके जमिनीवरून वर राहतील अशा सपाट ट्रकवरच ती न्यायला सांगावी, कारण दोन चाके रस्त्यावर फिरत ठेवून ओढल्यास त्याच क्लचचे नुकसान होऊ शकते.